गोवरमुक्तीचे गणित : राष्ट्रीय सरासरी पुरेशी का नाही?

नवी दिल्ली : गोवर आणि रुबेला या दोन आजारांच्या दूरीकरणासाठी भारताने २०२६ हे वर्ष निश्चित केले आहे. आधीचे २०२३ चे उद्दिष्ट करोना महासाथीने लसीकरणात आणलेल्या खंडामुळे हुकले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ एप्रिल २०२५ रोजी, जागतिक लसीकरण सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, राष्ट्रीय शून्य गोवर-रुबेला दूरीकरण मोहिमेचा प्रारंभ केला. त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार, २०२४-२५ मध्ये गोवर-रुबेला लसीच्या पहिल्या मात्रेचे प्रमाण ९३.७ टक्के, तर दुसऱ्या मात्रेचे ९२.२ टक्के होते. दोन्ही मात्रांसाठी किमान ९५ टक्क्यांचे लक्ष्य ठरलेले आहे. वरकरणी हे अंतर एक ते तीन टक्क्यांचे दिसते.

साथीच्या गणिताच्या कसोटीवर मात्र हे अंतर इतके लहान राहत नाही. गोवराच्या प्रसाराची गणिती प्रारूपे दोन गोष्टी स्पष्टपणे सांगतात. एक, मात्रा मिळालेली मुले आणि प्रत्यक्ष संरक्षण मिळालेली मुले यांची संख्या सारखी नसते. दोन, साथ राष्ट्रीय सरासरीवर ठरत नाही. ती वस्तीतील प्रत्यक्ष परिस्थितीवर ठरते. त्यामुळे ९५ टक्क्यांचा आकडा गाठला की गोवर हटला, असे समीकरण मांडता येत नाही.

९५ टक्के आले कोठून?

गोवर हा मानवाला ज्ञात असलेल्या सर्वाधिक संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. बाधित व्यक्ती खोलीतून निघून गेल्यानंतरही दोन तासांपर्यंत विषाणू तेथील हवेत टिकू शकतो. निकट संपर्कातील असुरक्षित व्यक्तींपैकी दहातील नऊ जणांना लागण होते. एकाही व्यक्तीला प्रतिकारशक्ती नाही अशा समाजात एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देईल, या संख्येला साथरोगशास्त्रात ‘आर-नॉट’ म्हणतात. गोवरासाठी ती साधारणपणे १२ ते १८ मानली जाते.

यापुढचा हिशेब शालेय गणिताचा आहे. एका रुग्णाकडून १५ जणांना लागण होऊ शकत असेल आणि त्या १५ पैकी १४ जण सुरक्षित असतील, तर आजार केवळ एकाकडे जातो आणि साथ वाढत नाही. सुरक्षितांचे प्रमाण त्याहून अधिक झाले की प्रसाराची साखळी आपोआप तुटू लागते. १५ पैकी १४ म्हणजे ९३.३ टक्के. आर-नॉट १२ धरल्यास हा उंबरठा ९१.७ टक्के येतो आणि १८ धरल्यास ९४.४ टक्के. समूह प्रतिकारशक्तीचा उंबरठा तो हाच. उंबरठा ओलांडलेल्या समाजात लस न घेतलेले तान्हे बाळही सुरक्षित राहते, कारण विषाणू त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाट संपते.

मुंबईच्या प्लेगशी जुळलेले सूत्र

या विचाराची मुळे भारताशी जोडलेली आहेत. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी पुढे, प्रत्येक डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या ठरावीक पातळीखाली आणली तरी हिवताप ओसरेल, हे गणिताने दाखवले. १९०६ मध्ये लंडनच्या विल्यम हेमर यांनी गोवराच्या साथी ठरावीक काळाने का परततात, याचा विचार करताना बाधित आणि असुरक्षित यांच्या परस्पर संपर्कावर प्रसाराचा वेग अवलंबून असतो, अशी मांडणी केली.

या धाग्यांना सुसूत्र रूप मिळाले ते १९२७ मध्ये, विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांच्या शोधनिबंधात. मॅकेंड्रिक भारतीय वैद्यकीय सेवेत होते आणि कसौली येथील पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. लोकसंख्येचे असुरक्षित, बाधित आणि आजारातून बाहेर पडलेले असे तीन गट पाडून त्यांनी समीकरणे मांडली आणि त्यातून निघालेली आलेखरेषा १९०५-०६ मधील मुंबईच्या प्लेगमृत्यूंच्या आकडेवारीशी ताडून पाहिली. आजही गोवराची गुंतागुंतीची प्रारूपे याच त्रिभागणीवर उभी आहेत. साथ थांबण्यासाठी शेवटचा असुरक्षित माणूस संपावा लागत नाही, असुरक्षितांचे प्रमाण उंबरठ्याखाली जाणे पुरेसे असते, हा त्यांचा निष्कर्ष लसीकरणाच्या धोरणाचा पाया ठरला.

मात्रा आणि संरक्षण यांतील अंतर

भारतात गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या वयात आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात दिली जाते. नवव्या महिन्यात दिलेल्या पहिल्या मात्रेमुळे सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळते, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे काही बाळांच्या शरीरात तोवर शिल्लक असतात आणि लसीला पुरेसा प्रतिसाद उमटू देत नाहीत. दोन्ही मात्रा मिळालेल्या मुलांत संरक्षणाचे प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांपर्यंत जाते. दुसरी मात्रा पहिल्या मात्रेने ज्यांच्यात काम केले नाही त्यांना दिलेली आणखी एक संधी असते.

आता २०२४-२५ चे आकडे या सूत्रात घालून पाहता येतात. १०० मुलांपैकी ९२.२ मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या, असे धरल्यास त्यांतील सुमारे ८९.४ सुरक्षित होतात. केवळ पहिली मात्रा मिळालेल्या १.५ मुलांपैकी सुमारे १.३ सुरक्षित होतात. बेरीज ९०.७ येते. म्हणजे १०० पैकी ९.३ मुले असुरक्षित राहतात; त्यांतील ६.३ मुलांना लस मिळालेली नसते आणि उरलेली ३ मुले लस मिळूनही संरक्षणाबाहेर राहिलेली असतात. आर-नॉट १५ धरल्यास अशा समूहात एक रुग्ण सरासरी १.४ जणांना आजार देईल. ही संख्या एकपेक्षा अधिक आहे, आणि एकपेक्षा अधिक याचा अर्थ साथ वाढती राहणे असा आहे.

देशात दरवर्षी सुमारे अडीच कोटी बालके जन्माला येतात. त्यांतील ९.३ टक्के म्हणजे सुमारे २३ लाख मुले. हा हिशेब ढोबळ आहे. त्यात नैसर्गिक संसर्गातून प्रतिकारशक्ती मिळवलेली मोठी माणसे धरलेली नाहीत आणि विशेष मोहिमांतून दिल्या जाणाऱ्या जादा मात्राही नाहीत. तरीही दूरीकरणाच्या वाटेवरील शेवटचे दोन-तीन टक्के आधीच्या वीस टक्क्यांपेक्षा अधिक मोलाचे का ठरतात, हे त्यातून कळते. सर्व मुलांना दोन्ही मात्रा ९५ टक्के प्रमाणात मिळाल्या, तरी त्यांतून मिळणारे संरक्षण सुमारे ९२ टक्केच असते. ९५ ही म्हणूनच किमान मर्यादा आहे. तिच्यात सैलपणाला जागा नाही.

एकच सरासरी, दोन शहरे

प्रारूपांचा याहून महत्त्वाचा धडा सरासरीविषयी आहे. दोन समान लोकसंख्येची शहरे कल्पिली आणि दोन्ही ठिकाणी ९४ टक्के मुले सुरक्षित आहेत असे धरले, तर अहवालात दोन्ही शहरे सारखीच दिसतील. पहिल्या शहरात हे प्रमाण प्रत्येक वस्तीत सारखे आहे. तेथे बाहेरून आलेला रुग्ण सरासरी ०.९ जणांना आजार देईल आणि साखळी काही आठवड्यांत विझेल.

दुसऱ्या शहरात ९० टक्के लोकसंख्येच्या भागात ९७ टक्के मुले सुरक्षित आहेत आणि उरलेल्या १० टक्के लोकसंख्येच्या वस्त्यांत केवळ ६७ टक्के. सरासरी येथेही बरोबर ९४ टक्केच भरते. पण या वस्त्यांतील मुले मुख्यतः आपापसांतच मिसळत असतील, तर तेथे एक रुग्ण सरासरी पाच जणांना आजार देईल. प्रसार पाचपट असलेल्या वस्तीत, हस्तक्षेप झाला नाही तर, साथ ओसरेपर्यंत १०० असुरक्षित मुलांपैकी सुमारे ९९ बाधित होतात, असे हेच समीकरण सांगते.

महाराष्ट्राने याचा अनुभव २०२२ च्या अखेरीस घेतला. मुंबईत गोवंडीचा समावेश असलेल्या एम पूर्व विभागात उद्रेक केंद्रित झाला. मालेगाव आणि भिवंडी येथेही रुग्ण वाढले आणि अनेक बालकांचा बळी गेला. त्याच सुमारास रांची, अहमदाबाद आणि केरळमधील मलप्पुरम येथेही केंद्रीय पथके पाठवावी लागली. बाधित मुले प्रामुख्याने लस न मिळालेली आहेत आणि या भागांतील लसीकरण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तेव्हा राज्यांना कळवले होते. चार राज्यांतील ही ठिकाणे भाषा, हवामान आणि आर्थिक स्थितीने एकमेकांपासून दूर होती. त्यांच्यातील साम्य होते ते असुरक्षित मुलांच्या एकवटण्याचे.

श्रीमंत देशही यास अपवाद नाहीत. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात बालवाडीतील मुलांच्या लसीकरणाची सरासरी सुमारे ९४ टक्के होती, पण गेन्स परगण्यात ती सुमारे ८२ टक्के होती. २०२५ मध्ये तेथून सुरू झालेल्या उद्रेकात ७६२ रुग्ण नोंदले गेले आणि दोन मुलांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनडाने गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला. भारतातील वस्त्यांत लस पोहोचण्याची अडचण होती, तर तेथील काही समुदायांत लस घेण्याची अनिच्छा. कारणे वेगळी असली, तरी विषाणूसाठी दोन्हींचा परिणाम एकच ठरला.

शांततेच्या काळातील साठवण

लसीकरण वाढले की रुग्णसंख्या झपाट्याने घटते आणि काही वर्षे शांततेची जातात. या काळात असुरक्षित मुले दरवर्षी थोडी थोडी साठत राहतात, आणि साठा उंबरठ्यावर पोहोचला की अचानक मोठा उद्रेक होतो. अँजेला मॅक्लीन आणि रॉय अँडरसन यांनी १९८८ मध्ये विकसनशील देशांतील गोवराचे प्रारूप मांडताना या फसव्या शांततेला ‘मधुचंद्राचा काळ’ असे नाव दिले. रुग्ण नाहीत म्हणून प्रयत्न सैल करणे सर्वाधिक धोक्याचे ठरते, ते याच काळात.

जादा मोहीम केव्हा हाती घ्यावी, यासाठी जगभर एक साधा निकष वापरला जातो. शाळापूर्व वयातील असुरक्षित मुलांचा साठा एका वर्षात जन्मणाऱ्या मुलांच्या संख्येजवळ आला की मोहीम घ्यावी. दरवर्षी ९.३ टक्के मुले असुरक्षित राहत असतील, तर हा साठा होण्यास जवळपास अकरा वर्षे लागतात. ३३ टक्के मुले सुटणाऱ्या वस्तीत तो तीन वर्षांतच होतो. देशाच्या घड्याळात निवांत वेळ असतानाच वस्तीच्या घड्याळातील वेळ संपलेली असते.

महासाथीच्या काळात हेच घडले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात लसीची पहिली मात्राही न मिळालेल्या मुलांची संख्या भारतात २०२१ मध्ये २७ लाख होती. ती २०२२ मध्ये ११ लाखांवर आली, २०२३ मध्ये १६ लाखांवर गेली आणि २०२४ मध्ये पुन्हा ९ लाखांपर्यंत उतरली. हा सुधार मोठा आहे. मात्र एखाद्या वर्षी सुटलेले मूल पुढील वर्षाच्या टक्केवारीत दिसत नाही. ते वयाने वाढते, शाळेत जाते आणि असुरक्षितच राहते. त्यामुळेच ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२३ या काळातील विशेष इंद्रधनुष मोहिमेत पाच वर्षांपर्यंतची मुले शोधण्यावर भर देण्यात आला. त्याआधी २०१७ पासून टप्प्याटप्प्याने राबवलेल्या गोवर-रुबेला मोहिमेत नऊ महिने ते १५ वर्षे वयोगटातील ३० कोटींहून अधिक मुलांना लस देण्यात आली होती. २०१७ ते २०२१ या काळात गोवराचे प्रमाण दहा लाख लोकसंख्येमागे १०.४ वरून ४ पर्यंत घटले, यात तिचा वाटा मोठा होता.

दिवसांचा हिशेब

गोवराच्या एका रुग्णाकडून पुढच्या रुग्णापर्यंत आजार पोहोचण्यास साधारण ११ ते १४ दिवस लागतात. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल संसर्ग पसरवू लागते. आजार ओळखला जाईपर्यंत पुढची पिढी रुजलेली असते. प्रसार पाचपट असलेल्या वस्तीत एका रुग्णाचे पाच, पाचाचे २५, मग १२५ आणि ६२५ होण्यास सहा ते आठ आठवडे पुरतात. पहिल्या पिढीत सुरू झालेली मोहीम आणि तिसऱ्या पिढीनंतर सुरू झालेली मोहीम यांत केवळ महिन्याभराचे अंतर असते. रुग्णसंख्येत मात्र सुमारे पंचवीसपट फरक पडतो.

२०२२ मधील उद्रेकात केंद्राने दोन निर्णय घेतले. जोखमीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षे वयोगटातील मुलांना एक जादा मात्रा द्यावी, आणि जेथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांहून लहान बाळांचे प्रमाण दहा टक्क्यांपेक्षा अधिक आहे तेथे सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांनाही एक मात्रा द्यावी. दुसऱ्या निर्णयामागे प्रारूपांतून नेहमी पुढे येणारी देवघेव आहे. सहाव्या महिन्यात लसीचा परिणाम कमी होतो, पण साथ दाराशी असताना नवव्या महिन्यापर्यंत वाट पाहण्याची किंमत त्याहून अधिक असते. म्हणूनच ही मात्रा नेहमीच्या दोन मात्रांत धरली जात नाही. त्या बाळाला ठरलेल्या वयात पुढील दोन्ही मात्रा द्याव्याच लागतात.

प्रारूपांच्या मर्यादा

गणिती प्रारूप त्याला पुरवलेल्या आकड्यांइतकेच विश्वासार्ह असते. आर-नॉट ही विषाणूची अचल संख्या नाही; घरातील माणसांची दाटी, जन्मदर आणि शाळेत जाण्याचे वय यांनुसार ती बदलते. एकाच खोलीत सात-आठ जण राहणाऱ्या वस्तीत ती प्रचलित अंदाजापेक्षा अधिक असू शकते.

लसीकरणाच्या आकड्यांचाही प्रश्न आहे. प्रशासकीय नोंदीत दिलेल्या मात्रांना अपेक्षित बालकसंख्येने भागले जाते. स्थलांतरित कुटुंबातील मूल त्या अपेक्षित संख्येत नसेल, तर ते लाभार्थींत नसते आणि वंचितांतही नसते. घरोघरी जाऊन केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत दोन ते तीन वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ५९ टक्क्यांनाच गोवर लसीची दुसरी मात्रा मिळाल्याचे आढळले होते. काळ आणि पद्धत वेगळी असल्याने या आकड्याची ताज्या प्रशासकीय आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही. तरी एकाच स्रोतावर विसंबून प्रारूप मांडणे धोक्याचे आहे, एवढे त्यातून निश्चित दिसते.

रुग्ण नोंदींबाबतही तीच सावधगिरी लागते. जानेवारी ते मार्च २०२५ या काळात ३३२ जिल्ह्यांत गोवराचा एकही रुग्ण आढळला नाही, असे केंद्राने जाहीर केले. हे शून्य खरे आहे की शोध अपुरा आहे, हे ताडण्यासाठी एक निकष ठरलेला आहे. ताप आणि पुरळ असलेले, तपासणीनंतर गोवर किंवा रुबेला नसल्याचे सिद्ध झालेले किमान दोन रुग्ण दर लाख लोकसंख्येमागे दरवर्षी नोंदले गेले पाहिजेत. शोध चालू असल्याचा तो पुरावा मानला जातो.

पुढील मात्रा कोणाला?

दूरीकरण म्हणजे देशात एकही रुग्ण नसणे असा अर्थ नाही. सक्षम सर्वेक्षण असताना सलग किमान १२ महिने देशांतर्गत प्रसाराची साखळी नसणे, ही त्याची व्याख्या आहे आणि ३६ महिन्यांच्या पुराव्यानंतर त्यावर अधिकृत शिक्कामोर्तब होते. त्यामुळे २०२६ च्या अखेरीस येणारा आकडा या प्रवासाचा शेवट ठरणार नाही.

पुढील प्रयत्न कोठे एकवटावेत, याचे उत्तर वरील दुसऱ्या शहराच्या उदाहरणातच आहे. तेथील सुस्थितीतील भागांत सुरक्षित मुलांचे प्रमाण ९७ वरून ९८ टक्क्यांवर नेले, तर शहराची सरासरी ९४.९ टक्के होईल, पण वंचित वस्त्यांतील प्रसार पाचपटच राहील. तेवढ्याच मुलांचे संरक्षण त्या वस्त्यांत वाढवले, तर सरासरी तितकीच म्हणजे ९४.९ टक्के होईल, मात्र वस्तीतील सुरक्षितांचे प्रमाण ६७ वरून ७६ टक्क्यांवर जाईल आणि प्रसार ३.६ पटीवर येईल. साथ पूर्ण थोपवण्यासाठी तेथील दर पाच असुरक्षित मुलांपैकी चारांहून अधिक मुलांना संरक्षण द्यावे लागेल. पहिले काम सोपे आणि स्वस्त आहे. अहवालात मात्र दोन्ही कामे सारखीच दिसतात.

त्यासाठी राज्य आणि जिल्ह्याच्या टक्केवारीसोबत प्रभाग, पाडा, वीटभट्टी, ऊसतोडणीचा तळ आणि बांधकामाच्या ठिकाणापर्यंत असुरक्षित मुलांची वयानुसार संख्या मांडावी लागेल. ‘यू-विन’ या डिजिटल नोंदणीमुळे एका राज्यात पहिली मात्रा घेतलेल्या मुलाला दुसऱ्या राज्यात दुसरी मात्रा देणे शक्य झाले आहे. पण जे मूल नोंदीतच नाही, ते शोधण्याचे काम आजही आशा सेविका, परिचारिका आणि अंगणवाडी सेविका यांच्या पायपिटीवरच अवलंबून आहे. रोजंदारी बुडवून लसीकरण केंद्रावर न येऊ शकणाऱ्या पालकांसाठी संध्याकाळचे किंवा सुटीच्या दिवसाचे सत्र हा या गणितातील तितकाच महत्त्वाचा घटक आहे.

गोवर झालेल्या मुलाच्या शरीरातील इतर आजारांविरुद्धची प्रतिकारशक्तीही पुसली जाते आणि पुढे काही काळ न्यूमोनिया, अतिसार यांचा धोका वाढतो. कुपोषित मुलांत हा आघात अधिक तीव्र असतो, आणि लस न मिळालेली व पुरेसे अन्न न मिळालेली मुले बहुधा त्याच वस्त्यांत असतात. ९३.७ टक्के या आकड्यातून सुटलेले ६.३ टक्के देशभर समान विखुरलेले असते, तर काळजीचे कारण बरेच कमी असते. ते एकत्र राहतात, एकाच अंगणवाडीत जातात आणि एकाच गल्लीत खेळतात. गोवरमुक्तीचा निर्णय त्या गल्लीतच होणार आहे.